प्रश्न उत्तरात घेऊन

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

स्टुडिओत साष्टांग नमस्कार घालायला जागा नाही, बघावं तिकडे वायरी पसरल्यात, तेव्हा उभ्याउभ्याच केला असं समज. पाकीट बघून तू आधी चष्मा शोधशील आणि मग म्हणशील, टकळीला आज माझी कशी आठवण झाली. संशय रास्त आहे. काम आहे.

आमची 'सगळे घरीच' ही मालिका तू बघतेस हे मला माहीत आहे, कारण गेल्या खेपेला अप्पा-काकूंच्या घरचे पडदे किती भिकार आहेत यावर तू अर्धं पत्र खर्च केलं होतंस. तर आता दिग्दर्शकांच्या डोक्यात आलंय की एका खास भागात अप्पांच्या घरात रिॲलिटी शोवाले घुसवायचे. भिंतीभिंतीवर कॅमेरे, आणि साधीसुधी माणसं हळूहळू नाटकं करायला लागतात. असल्या कार्यक्रमांची मजबूत टर उडवायची आहे. लिहायचं कोणी, यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले तेव्हा मी हात वर केला आणि म्हटलं, माझी सख्खी मावशी 'उघडं दार'मध्ये राहून आलीय. एकदम माझा भाव वधारला. चहासुद्धा आधी मला मिळाला.

तेव्हा मी शाळेत होते, मला फक्त तुझे कपडे आठवतात. आत खरोखर काय चालायचं ते सांग. मला गमतीजमती हव्यात. दुखरं काही विचारत नाही, ते मला ठाऊक आहे.

फोन केला असता, पण फोनवर तू 'हो', 'नाही' आणि 'ठेवते' यांच्या पुढे जात नाहीस. उत्तर स्टुडिओच्याच पत्त्यावर पाठव. घरी आलं तर आई पाकिटावरचं अक्षर ओळखेल, आणि मग आमच्या घरात दोन दिवस फक्त भांडी बोलतील.

तुझी,
टकळी

११ फेब्रुवारी

टकळे,

पोटभर आशीर्वाद. चष्मा डोक्यावरच होता.

मी खऱ्या पडद्यांचं काम करते आणि तू छोट्या पडद्याचं, म्हणून सांगते, तुमच्या अप्पांच्या घरातली दांडी खिडकीच्या चौकटीला चिकटून लावलीय. ती हातभर वर लावायची असते. एवढी माणसं पगार घेतात आणि हे एकालाही दिसत नाही.

आता तुझ्या गमती. कार्यक्रमाचं नाव 'उघडं दार' आणि दाराला कुलूप बाहेरून. आत शिरताना घड्याळ, फोन, वर्तमानपत्र, सगळं काढून घेतलं. बाहेर कोण मेलं, कोण जन्मलं, काही कळायचं नाही. आरशांच्या मागे कॅमेरे होते, म्हणून आम्ही बायका आरशाकडे पाठ करून वेणी घालायला शिकलो. एक बँकेतला कॅशियर होता, दिवसभर तोंडातून शब्द नाही, पण झोपेत भडाभडा बोलायचा. लोकांनी त्यालाच डोक्यावर घेतलं. आणि भांडणं कमी पडली की हे लोक साखर बंद करायचे. बिनसाखरेचा चहा झाला की माणसं आपोआप रंगात येतात.

सगळ्यात मोठी गंमत त्या छोट्या खोलीची. आत एक खुर्ची, समोर जाळी, जाळीच्या मागून एका बाईचा आवाज. ती काहीतरी विचारणार, आपण उत्तर द्यायचं. पण नुसतं 'हो' म्हटलं की ती म्हणायची, "प्रश्न उत्तरात घ्या." म्हणजे काय, तर तिचा आवाज टीव्हीवर येणार नसतो. तिने विचारलं 'जेवलात का', तर आपण 'हो' म्हणून भागत नाही, 'मी आज जेवले' असं अख्खं म्हणायचं. शाळेत एका वाक्यात उत्तरे द्या, तसं. ही सवय इतकी हाडात शिरली की बाहेर आल्यावर एका गिऱ्हाइकाने विचारलं, पडदे झाले का, तर मी म्हटलं, "तुमचे पडदे झाले का, तर तुमचे पडदे झालेले नाहीत, कारण अस्तर आलेलं नाही." तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

हे घे आणि लिही. पानांच्या तळाशी रिकामी जागा बघून कागद वाया घालवते म्हणून ओरडू नकोस. वाक्य पानात मावणार नसेल तर मी ते पुढच्या पानावर सुरू करते. अर्धं इकडे, अर्धं तिकडे मला चालत नाही.

ताईचा गुडघा कसा आहे? मी विचारलं असं सांगू नकोस.

मावशी

२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी लेखकांच्या खोलीत मोठ्याने वाचलं. साखरेवर सगळे हसले आणि जाळीतल्या बाईवर दिग्दर्शक खुर्चीवरून उठलेच. आता भागाचं नावच 'प्रश्न उत्तरात घ्या'. शो सुरू झाल्यावर अप्पांना ती सवय लागते, आणि मग भाजीवाला, शेजारी, डॉक्टर, सगळ्यांशी ते तसंच बोलायला लागतात. काकू तर कॅमेऱ्यासमोर रडायचा सराव करतात आणि कांदा संपला म्हणून खरंच रडतात. हे माझं आहे हं, तुझं नाही.

आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. मी सांगितलं नाही. मी कशावर लिहितेय हेही तिला सांगितलेलं नाही. तिच्यासमोर त्या कार्यक्रमाचं नाव काढायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

आज एक गोष्ट लिहूनच टाकते, म्हणजे आपल्यात अवघडल्यासारखं राहणार नाही. 'उघडं दार'च्या त्या जाहिरातीतल्या तुझ्या वाक्याबद्दल मी तुला कधी विचारलं नाही. पण तुझं पत्र वाचून मला वाटलं, कोंडलेलं घर, साखर बंद, माणूस बोलून जातं. तू 'मला ताईची आठवण येत नाही' म्हणालीस तेव्हा आई ऑपरेशन होऊन हॉस्पिटलच्या खाटेवर पडली होती, आणि तू दिसतेस का म्हणून नर्सला सांगून टीव्ही लावून घेतला होता, हे तुला कुठून कळणार? मी तुझ्या जागी असते तर मीसुद्धा काहीतरी तोडून बोलले असते. माझ्या मनात काही नाही. आईच्याही मनातून कधीतरी जाईल.

आणखी गमती आठवल्या तर लगेच पाठव.

टकळी

२ मार्च

चि. टकळीस,

पत्र मिळालं. सध्या एका मोठ्या हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचं काम आलं आहे, त्यामुळे मान वर करायला सवड नाही.

तुझ्या मनात काही नाही हे वाचलं.

माझ्याकडच्या गमती संपल्या. पुढचं तुझं तू लिही.

मावशी

१९ मार्च

प्रिय मावशी,

तू मला आजवर कधी 'चि.' लिहिलं नाहीस. ते वाचून मी माझंच आधीचं पत्र मनात पुन्हा पुन्हा वाचून बघितलं. काय चुकलं ते मात्र परवापर्यंत कळलं नव्हतं. आता बहुतेक कळलंय. म्हणून हे पत्र धीर करून लिहितेय.

आमच्या भागात शोवाले अप्पांचं एक वाक्य कापतात आणि त्याचा भलताच अर्थ होतो असा प्रसंग हवा होता. म्हणून मी संकलनाच्या खोलीत आमच्या कात्रीकाकांकडे जाऊन बसले. मालिका जोडायचं काम तेच करतात. त्यांनी मला सांगितलं की आपल्या भाषेत हे फार सोपं आहे, कारण आपण खरी गोष्ट वाक्याच्या अगदी शेवटी ठेवतो. 'नाही'च्या पुढे काय आहे ते उडवलं की झालं काम. मी बसल्या बसल्या वाक्यं लिहायला लागले. त्यातलं एक होतं, 'मला घरची आठवण येत नाही असा दिवस नाही.' काकांनी तिथेच बोट ठेवलं. दिग्दर्शकांनाही ते आवडलं आणि संहितेत गेलं.

मग मी काकांना विचारलं, पण कापलेलं ओळखू येत नाही का? ते म्हणाले, वाक्य संपतं तेव्हा माणसाचा आवाज खाली येतो. मध्येच कापलं तर तो वरच राहतो. म्हणून हे लोक तिथे काहीतरी वाजवतात, दार आपटतात, ढोल घालतात, म्हणजे कानाला कळत नाही.

मावशी, तुझ्या वाक्याच्या पाठोपाठ ढोल आहे. आम्ही लहानपणी शाळेत त्याची नक्कल करायचो, 'आठवण येत नाही, ढिडांग.' ती जाहिरात अजून इंटरनेटवर सापडते. काल मी कानाला हेडफोन लावून ती पुन्हापुन्हा ऐकली. 'येत नाही'वर तुझा आवाज खाली येतच नाही. जिना चढता चढता कुणीतरी थांबवावं तसा तो वर राहिलाय.

आणि मी तुला लिहिलं होतं की माझ्या मनात काही नाही. मला फार लाज वाटतेय.

पुढे काय म्हणाली होतीस?

टकळी

२७ मार्च

टकळे,

लाजू नकोस. एवढ्या वर्षांत लोकांनी मला विचारलं ते 'असं का बोललीस'. 'पुढे काय म्हणालीस' असं विचारणारी तू पहिली. पत्र घेऊन मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले, आणि शिवणाऱ्या बाईला सांगितलं की कापडाची धूळ डोळ्यात गेली. तिने विश्वास ठेवला नाही.

झालं ते असं. बाईने जाळीआडून विचारलं, घरच्या कुणाची आठवण येते का? मी म्हटलं, ताईची. ती म्हणाली, प्रश्न उत्तरात घ्या. मग मी सरसावून बसले. आपली ताई घरी बघत असेल, तिला छानसं काहीतरी ऐकायला मिळावं म्हणून मनात जुळवलं आणि म्हटलं, "मला ताईची आठवण येत नाही असा एकही दिवस जात नाही." तुझ्या अंदाजापासून फार लांब नाही बघ. मला माझं वाक्य इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. नुसतं 'येते' म्हटलं असतं तर कापायला काही उरलं नसतं. झालर लावायची सवय नडली.

बाहेर आल्यावर ऑपरेशनचं कळलं आणि मी तशीच पिशवी घेऊन तुमच्या घरी आले. तू शाळेत होतीस. ताई खाटेवर उशीला टेकून बसली होती, अर्धी झाली होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मी माझ्या कानांनी ऐकलंय." खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून माझं डोकंच फिरलं. आई गेल्यावर हिने माझ्या वेण्या घातल्या, मला तापात मांडीवर घेऊन बसली, माझी नस न् नस हिला माहीत, आणि हिला माझ्यापेक्षा त्या खोक्याचं खरं वाटतं. मी म्हटलं, "मग कानांनाच विचार." आणि निघाले.

थोड्या दिवसांनी तुमच्या खिडक्यांचे सगळे पडदे, मीच शिवून दिलेले, पार्सलने परत आले. धुऊन, इस्त्री करून. रागातसुद्धा तिने चुणी मोडू दिली नव्हती. ते बघून मला जास्त रडू आलं.

आता नीट वाच. ते घरच्या आठवणीचं वाक्य तुमच्या भागातून काढून टाक. ताई ते ऐकेल, तिच्या डोक्यात प्रकाश पडेल, ती धावत येईल, असं तुझ्या मनात आलं असणार. माझ्याही आलं. पण टीव्हीवर विश्वास ठेवून ती तुटली, आणि आता टीव्हीवर विश्वास ठेवून जोडली गेली, तर यात मी कुठे आले? मला तिने माझ्यावर विश्वास ठेवायला हवा आहे. तो मिळणार नसेल तर नको. तूही तिला काही सांगायचं नाहीस. शब्द दे.

मावशी

६ एप्रिल

प्रिय मावशी,

शब्द दिला. मनाविरुद्ध दिला, पण दिला.

वाक्य काढायला गेले तर स्टुडिओत रामायण झालं. दिग्दर्शक म्हणाले, संपूर्ण भागात तेवढ्या एका जागी लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि तू तेच उपटतेस? कारण विचारलं तर मी म्हटलं, ते उसनं आणलं होतं, ज्याचं त्याने परत मागितलं. दुसरं चांगलं आणलंस तर बघू, म्हणाले.

मी दुपारभर डोकं धरून बसले. शेवटी अप्पांचं काम करणाऱ्या नटांनी वाचवलं. मेकअपवाल्याने त्यांना विचारलं, घरी वहिनी फार बोलतात का हो? ते डोळे मिटूनच म्हणाले, "मला बायकोचं बोलणं आवडत नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही." मी तिथेच टाळी दिली. 'असं म्हणायची' पासून पुढचं उडव. वर ढोल. काकू टीव्हीवर ते बघतात आणि अप्पांशी अबोला धरतात. अप्पा जीव तोडून सांगतात, अगं कापलंय ते. काकू ऐकून घेत नाहीत. शेवटी त्या बाहेर उभ्या असलेल्या शोवाल्यांच्या गाडीत चुकून शिरतात, तिथे अख्खं वाक्य वाजत असतं, आणि गैरसमज मिटतो. लोक हसतील. डोळ्यांत पाणी कुणाच्या येणार नाही.

आता एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. अप्पा समजवायला येतात तेव्हा काकू म्हणतात, "मी माझ्या कानांनी ऐकलंय." हे मी तुझं पत्र यायच्या आधीच लिहिलं होतं. आमच्या घरात तुझा विषय निघाला की आई हेच म्हणते, लहानपणापासून ऐकलंय, ते लिहिताना आपोआप हातातून उतरलं. कुठून आलं ते तुझं पत्र वाचून कळलं. काढू का?

टकळी

१२ एप्रिल

टकळे,

तुमच्या अप्पांचं वाक्य दुकानात सांगितलं. शिवणाऱ्या बाईचा धागा सुटला एवढी हसली.

मी माझं वाक्य मागितलं होतं, ते तू परत दिलंस. दुसरं माझं नाही. ते काढ किंवा ठेव म्हणायचा मला अधिकार नाही.

दांडी तेवढी वर लावून घे.

मावशी

५ मे

प्रिय मावशी,

भाग काल संध्याकाळी लागला. दांडी वर गेलीय, बघितलीस ना? कलादिग्दर्शकाला मी सांगितलं की ही एका मोठ्या तज्ज्ञाची सूचना आहे.

मी घरी बसूनच बघितला. आई समोरच्या खुर्चीत गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून बसली होती. रिॲलिटी शोवाले दारातून आत येताना दिसले तेव्हा तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता उठेल. उठली नाही. कांद्याच्या जागी हसली. साखर बंद झाली तिथे तर इतकी हसली की पिशवी खाली पडली.

मग अप्पांचं वाक्य आलं, ढोल वाजला, आणि काकू म्हणाल्या, मी माझ्या कानांनी ऐकलंय. खाली पडलेली पिशवी आईने उचललीसुद्धा नाही. मी पडद्याकडे बघत होते, पण माझं लक्ष सगळं तिच्याकडे.

काकू त्या गाडीत शिरल्या तेव्हा आई एकदम वैतागली. म्हणाली, "काय मूर्ख बाई आहे. नवरा घरात बसलाय आणि ही गाडीत काय शोधते? त्यालाच विचारायचं ना, पुढे काय म्हणालास म्हणून."

मावशी, हे बोलली आणि तिथेच थांबली. तोंड तसंच उघडं. भाग संपला, जाहिराती लागल्या, साबण, पंखे, तरी ती तशीच. मग चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ सोडलेला होता. एका कपाला एवढं पाणी लागत नाही.

मी तुला दिलेला शब्द पाळला. जीभ दातांखाली धरून बसले होते. ती बाहेर आली आणि तिने विचारलं, असं खरंच करतात का? मी म्हटलं, मी लिहिते ते सगळं खोटंच असतं, ज्यांना खरं माहीत आहे त्यांना विचार. ती म्हणाली, तिचा पत्ता तोच आहे का? माझ्या तोंडून हो निघून गेलं. मग माझ्याच लक्षात आलं की मला तो कसा माहीत, हे तिने विचारलंच नाही. म्हणाली, "तुझ्या पर्समध्ये तिचं अक्षर मी केव्हाच बघितलंय. मला काय आंधळी समजतेस?"

एवढंच. आज दिवसभर गुडघ्याशिवाय कशाचाही विषय नाही. यातून काही निघेल की नाही, मला सांगता येत नाही. आशा लावून ठेवतेय असं समजू नकोस.

टकळी

२३ मे

टकळे,

आज तुला लांबलचक लिहिणार होते, पण गाडीची वेळ झालीय.

शनिवारी ताईचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि मी ते कापडाच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिलं. दोन गिऱ्हाइकं केली. एकाचं अस्तर चुकीचं कापलं. मग शिवणाऱ्या बाईनेच ते काढून माझ्या हातात दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली.

आत एकच कागद. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. पहिल्याच ओळीत खिडक्यांची मापं, तीही वितीत. माझ्या धंद्यात वीत कुणाची, हा पहिला प्रश्न असतो, आणि हे तिला ठाऊक आहे. दिवाणखाना अमुक वीत, मागची खोली तमुक वीत. खाली लिहिलंय की तयार पडदे आणले होते, ते पहिल्या धुण्यात आखूड झाले, ऊन थेट डोळ्यांवर येतं. आणि पानाच्या अगदी तळाला, तिच्या त्या मोठ्या मोठ्या अक्षरात: 'तुझ्यावाचून माझं काही अडलेलं नाही'

तिथे पान संपलं.

मी कागद मांडीवर ठेवला. मला वाटलं, झालं, मापं पाठवायची आणि वर हेही ऐकवायचं. जुना राग होता तसा उसळून आला. कागदाची घडी घालून मी तो ड्रॉवरमध्ये ठेवायला उठलेसुद्धा. आणि मग आठवलं की वाक्याच्या शेवटी टिंब नाही. ताई टिंब विसरत नाही. मला शुद्धलेखन तिनेच शिकवलं, टिंब राहिलं की हातावर पट्टी बसायची.

पान उलटलं. मागे लिहिलं होतं: 'असं मी सगळ्यांना सांगत आले. त्या दिवशी तू पुढे काय म्हणाली होतीस ते मी तुला विचारलंच नाही. आता विचारते. लिहून पाठवू नकोस, मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.'

तिने हे मुद्दाम केलं की जागा संपली म्हणून झालं, मला सांगता येणार नाही. तिची अक्षरं आधीपासूनच मोठी. तूही विचारू नकोस.

मापाची टेप पिशवीत टाकली आहे. ते जुने, इस्त्री केलेले पडदेही घेतलेत, बघू, अजून बसतात का. हे तुला उद्या सकाळीच मिळावं म्हणून कुरियरने पाठवतेय; दुपारी तू स्टुडिओतच थांब, घरी यायची घाई करू नकोस.

येताना सबंध रस्ताभर मी ते वाक्य मनात म्हणून बघणार आहे. या वेळी झालर लावणार नाही. ती विचारेल, मी तिच्या समोर बसेन, आणि प्रश्न उत्तरात घेऊन सांगेन. मला ताईची आठवण येते.

मावशी